रजियाभाभीचा गोब्रा

मिरजगावात सध्या बोलवा आहे की आमच्या शेजारच्या रजियाभाभीला माशाच्या डोक्यात दोन हिरे सापडले. एकेक हिरा चिंचोक्याएवढा. भाभीने ते ज्वारीच्या कणगीत लपवलेत, नगरहून एक सराफ दोनदा येऊन गेला, आणि यासीनभाई आता फटफटी विकून चारचाकी घेणार आहेत. परवा माझ्या दुकानात जळालेली पाण्याची मोटार भरून घ्यायला आलेला एक शेतकरी हेच मला कानाशी लागून सांगत होता. मी म्हटलं, "असं? आन् मला कसं ठाऊक न्हाई? माझी आन् भाभीची भिंत एकच हाय की!" तर तो म्हणाला, "शेजाऱ्याला कोन सांगतंय?"

सगळं खोटं आहे. सराफ नाही, चारचाकी नाही. कणगीसुद्धा नाही, पत्र्याची कोठी आहे आणि तिच्यात नुसती ज्वारी आहे, मी हात घालून बघितलंय. माशाच्या डोक्यातून दोन खडे निघाले एवढं मात्र खरं. ते निघाले तेव्हा मी हातभर अंतरावर होतो, माझ्या हाताला माशाचं रक्त होतं, आणि सगळा बाजार माझ्याकडे बघून हसत होता. हिऱ्यांची आवई कुणी उठवली ते आत्ताच विचारू नका. शेवटी सांगतो.

आधी भाभी.

रजियाभाभी मूळची हर्णैची. समुद्र दारात. एकतीस वर्षांपूर्वी यासीनभाईंशी लग्न होऊन ती आमच्याकडे आली. येताना सीना नदीच्या पुलावर टेम्पो थांबला तेव्हा खाली वाकून तिने नवऱ्याला विचारलं होतं, "नदी कुठाय?" यासीनभाईंनी बोट दाखवलं. ती म्हणाली, "ते दगड आहेत." हा किस्सा यासीनभाईंनी मला सांगितला. त्यानंतर त्यांनी आयुष्यात दुसरा किस्सा सांगितलेला नाही. माणूस फार अबोल. बाजारात मासे तो तोलतो आणि बोलते भाभी.

मासे कुठले? भिगवणचे, उजनीच्या पाण्यातले. चिलापी, कटला, रोहू, नशीब असेल तर मरळ. भाभीने एकतीस वर्षं हेच विकले, आणि एकतीस वर्षं त्यांना नावं ठेवली. "चिलापी हा काय मासा हाय? काट्यांची पुडी नुसती! आमच्या हर्णैला गोब्रा असतो गोब्रा. माणसाएवढा!"

झालं. गावाला तेवढंच हवं होतं.

भाभीचा गोब्रा दरसाल मोठा व्हायचा असं आम्ही म्हणायचो. खरं सांगायचं तर तो मोठा होत नव्हता, ती पहिल्यापासून चाळीस किलोच सांगायची. मोठा आम्ही करायचो. भाभी सांगायची, तो खोल पाण्यातल्या खडकात राहतो. एक कपार धरली की वर्षानुवर्षं तीच त्याची. पळत जाऊन शिकार करत नाही, दारात बसून राहतो. समोरून मासा गेला की असं काही तोंड उघडतो की पाणीच आत ओढलं जातं, पाण्याबरोबर मासा. चावत नाही, सगळाच्या सगळा गिळतो. इथपर्यंत गावाने ऐकून घेतलं. पण एका उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्या ओट्यावर पाच-सात बायाबापड्या बसल्या असताना भाभी बोलून गेली, "आन् गोब्रा आधी बाई असतो. अंडी घालतो. लई वर्षांनी, मोठा झाला की त्याचा बाप्या हुतो."

ओटा हसून हसून आडवा झाला. माझी बायको चांगुणा डोळे पुसत म्हणाली, "भाभी, आमच्या ह्यान्ला हर्णैला धाडा बरं. तिथं तरी बाप्यामानूस हुतील."

त्या दिवसापासून आमच्या गावात थापेला शब्द मिळाला. कुणी म्हणालं, माझ्या बोअरला चार इंची पाणी लागलं, की पुढचा म्हणायचा, "भाभीचा गोब्रा!" कुणाच्या पोराला पुण्यात लाखाची नोकरी लागली, "गोब्रा!" हा शब्द मिरजगावातून काष्टीच्या बाजारात गेला, तिथून श्रीगोंद्यात गेला. तो शब्द पाडला मीच. अभिमानाने सांगतो, म्हणजे सांगायचो. भाभी वरवर हसायची. पण एकदा भिंतीपलीकडून मी तिला यासीनभाईंना म्हणताना ऐकलं, "मी खोटं कधी बोलले ओ? एकदा तरी?" यासीनभाईंचं उत्तर अर्थातच ऐकू आलं नाही.

मी मात्र सुधारलो नाही. उलट गेल्या वर्षी भर बाजारात, अमृतच्या हॉटेलसमोर, चहाचा कप वर करून शपथ घेतली, "भाभी, ज्या दिवशी चाळीस किलोचा गोब्रा दाखवताल, त्या दिवशी तुमच्या मासळीच्या ओट्यावर बसून दिवसभर मासे साफ करीन. ह्या मिशांसकट!"

भाभी म्हणाली, "लिहून घेतलं." कुठं लिहून घेतलं देव जाणे.

आता ऐका, काय झालं ते.

या माघात, बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास भाभीचा भाऊ कादर याचा टेम्पो बाजारतळावर आला. कादर हर्णैहून बर्फात घालून समुद्राचे मासे नगरला आणतो. बहीण दरवेळी त्याला म्हणायची, एक गोब्रा आण. तो दरवेळी सांगायचा, "आपा, मोठा गोब्रा बंदरावरून हलतच नाही, परदेशात माल पाठवणारे व्यापारी तिथंच उचलतात." त्या दिवशी मात्र तो दरवाजा उघडून उडी मारूनच खाली उतरला आणि ओरडला, "आपा! ये गं बाहेर! तुझा आणलाय!"

दोन गडी लागले उचलायला. ओलं गोणपाट भाभीच्या ओट्यावर धप्पकन आदळलं, ओटा हलला, बाजूच्या छबूबाईच्या भाजीतली दोन वांगी गडगडत खाली गेली. कादरने गोणपाट ओढलं.

देवाशप्पथ, माझ्या हातातला चहा थंड झाला. एवढं मोठं डोकं मी बैलाचं बघितलंय. तपकिरी-करडं अंग, त्यावर पुसट आठ उभे पट्टे, खालचा जबडा पुढे आलेला, पाठीवर काटे बोटाएवढे जाड. यासीनभाईंनी वजनकाटा लावला. त्रेचाळीस किलो दोनशे.

मी मिशांवरून हात फिरवला.

पण जरा थांबा. माशाच्या तोंडातून काहीतरी बाहेर आलं होतं. गुलाबी, फुगलेलं, मुठीपेक्षा मोठं, लहान मुलाने फुगा अर्धा गिळावा तसं. पोट टणक फुगलेलं. डोळे खोबणीतून बाहेर, बल्बासारखे.

हॉटेलवाला अमृत ओरडला, "आरं हा तर सडलाय! तळ्यात औषध पडल्यावर मासं असंच फुगून वर येत्यात!"

खरंच येतात. आमच्याकडच्या माणसाने फुगलेला मासा म्हणजे मेलेल्या पाण्यातला मासा एवढंच बघितलेलं. पाच मिनिटांत निम्म्या बाजाराने नाकाला रुमाल लावला. वास काडीचा येत नव्हता, पण रुमाल लागले. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "गोब्रा आला, पन थापच निघाली!" आणि हशा पिकला. त्या हशात मीही होतो. का नसणार? माझी शपथ सुटत होती.

तेवढ्यात ग्रामपंचायतीचा गोरक्षनाथ आला. हातात फावडं, खांद्यावर जंतुनाशक पावडरीची पिशवी. गेल्या पावसाळ्यात गावात जुलाबाची साथ आल्यापासून खराब माल दिसला की पुरायचा, असा त्याला हुकूम आहे. गोरक्षनाथ वाईट माणूस नाही, पण हुकूम मिळाला की तो फक्त हुकूमच असतो.

"भाभी, उचला. खड्डा तयार हाय."

भाभीने माशाकडे बघितलं, मग आमच्याकडे. मी बायकांच्या चेहऱ्यावरचं वाचण्यात तरबेज नाही, चांगुणा तसं रोज सांगते. पण त्या दिवशी मलाही वाचता आलं. एकतीस वर्षांत एकदाच तिच्या बोलण्याचा पुरावा दारात आला होता आणि तो तिच्यादेखत मातीत जाणार होता. एकदा पुरला की मग आयुष्यभर थापाडी.

"पुरायचा तर पूर," ती म्हणाली. "पन आधी मी कापनार. सगळ्यांसमोर. घाण निघाली तर पावडर मीच टाकते."

"घाण निघाली तर ओटाबी बंद करावा लागंल, भाभी," गोरक्षनाथ म्हणाला. "मागनं माझ्यावर बोलू नका."

ओटा म्हणजे त्यांचं घर चालवणारी जागा. कादर पुढे झाला, "आपा, राहू दे गं. मी नगरला नेतो, तिकडं जाईल." भाभीने नवऱ्याकडे बघितलं. सगळा बाजार यासीनभाईंकडे बघायला लागला. त्या माणसाने हातातला काटा खाली ठेवला, कोयता उचलून भाभीच्या हातात दिला आणि म्हणाला, "काप."

एकच शब्द! मला त्याच्याकडून महिन्याभरात मिळत नाही.

भाभीने पदर खोचला. "कारभारीभाऊ, इकडं या. लांबनं काय हसताय? तुमचं बोअर किती खोल हाय?"

"साडेतीनशे फूट," मी म्हणालो.

"तेवढ्या खोल हा राहत हुता. पानी वरनं केवढं दाबत असंल? त्याच्या पोटात हवेची पिशवी असती, तरंगायला. त्या दाबात ती चेपलेली असती. गळाला लागला, वर ओढला, दाब गेला, पिशवी फुगली. पिशवीनं पोटातली आतडी ढकलली, जठर उलटं होऊन तोंडातनं भायेर आलं, डोळं भायेर आलं. सडून न्हाई. वर येऊन!"

"गोब्रा!" मागून कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

तेव्हा कादर टेम्पोकडे पळाला आणि वेफर्सचं एक पाकीट घेऊन आला. पाकीट टम्म फुगलेलं, टिचकी मारली तर फुटेल असं. "हे घाटाखाली घेतलं तेव्हा मऊ होतं," तो म्हणाला. "घाट चढलो आणि असं झालं." भाभीने ते अमृतच्या नाकासमोर धरलं.

"अमृतदादा, हे पन सडलं का?"

अमृतने रुमाल खाली घेतला. जरा हसू आलं त्यालाही. घाट चढताना कान बंद होतात हे टेम्पोवाल्यांना सांगावं लागत नाही. दोघा-तिघांनी माना हलवल्या. पण गोरक्षनाथ म्हणाला, "पाकीट ऱ्हाऊ द्या. मासा दाखवा."

भाभीने आधी कल्ला उचलला. आत लालभडक, ओल्या कुंकवासारखा. मग माझं बोट धरून माशाच्या अंगात दाबलं आणि सोडलं. खळगा पडला नाही, मांस लगेच वर आलं. मग तिने कोयत्याचं टोक पोटाला लावलं. लांब उभ्या असलेल्या उसाच्या रसवाल्यानेसुद्धा घुंगरं हाताने धरली.

फुस्स!

हवा निघाली. पोट बसलं. भाभीने दोन बोटांनी तो गुलाबी फुगा तोंडातून आत ढकलला आणि तो निमूट आत गेला. तिने पोट उभं चिरलं, दोन्ही हातांनी फाकवलं, आणि गोरक्षनाथला म्हणाली, "ये. वास घे. नीट घे."

गोरक्षनाथ वाकला. एक श्वास. दुसरा. तिसरा जरा लांबच झाला. मग सरळ उभा राहिला आणि पावडरीची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"काकडीगत वास येतोय," तो म्हणाला.

मग काय विचारता! माणसं ओट्यावर पडायची बाकी. छबूबाईला भाभीने तोंडाने ओढून गिळण्याची गोष्ट कितीदा सांगितली होती. ती म्हातारी आपल्या पाटीतला सगळ्यात मोठा कोबीचा गड्डा घेऊन आली, म्हणाली, "बघू दे मला," आणि जबडा फाकवून गड्डा आत ढकलला. गेला! अख्खा गेला! टाळ्या पडल्या. छबूबाईने गड्डा बाहेर काढला, पदराने पुसला आणि परत पाटीत ठेवला. तो कुणी घेतला असेल देवच जाणे. त्या आठवड्यात मी कोबी खाल्ला नाही.

पण खरी गंमत पुढे. भाभीने पोटातून दोन लांबट पांढऱ्या पिशव्या काढल्या आणि एक दाबली. दुधासारखं पांढरं निघालं.

"नर हाय," ती म्हणाली. आवाज एकदम हळू झाला तिचा. मग तिने ती पिशवी उभी चिरली. आत पोकळी. "ही बघा. नराच्या पिशवीत एवढी पोकळ जागा कशाला लागती? ही गाबोळीची जागा. अंड्यांची. हा आधी आई हुता."

आता कोणी हसलं नाही, पण पटलंही नाही कुणाला. इतक्यात गर्दीतून मोनिका मॅडम पुढे आल्या. या आमच्याच गावच्या, कर्जतला कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतात, मेथी घ्यायला आल्या होत्या. मेथीची जुडी काखेत मारून त्यांनी पिशवी हातात घेतली, चष्मा वर करून बघितली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हे मासे जन्मतात मादी म्हणून. बऱ्याच वर्षांनी, त्यातले थोडे, मोठे झालेले, नर होतात. पोकळी तशीच राहते. पुस्तकात चित्र आहे याचं. मी एवढी वर्षं ते चित्र शिकवते, प्रत्यक्ष आज बघतेय."

"म्हंजी भाभी खरं बोलत हुती?" अमृत.

"शब्द न् शब्द."

छबूबाईने हनुवटीवर बोट ठेवलं. "अगं पन मग त्याच्या पोरांनी त्याला आई म्हनायचं का बाप?"

भाभी म्हणाली, "पोरं काय म्हनत्यात ते म्हनू दे. गाव थापा म्हनतंय त्याचं आधी बघा."

आणि तिने कोयता ओट्यावर टेकवून माझ्याकडे बघितलं. सगळा बाजार माझ्याकडे वळला. एका कोपऱ्यातून माझ्याच बायकोचा आवाज आला, "बसा की! मिशांसकट!"

बसलो. काय करणार? संध्याकाळपर्यंत त्या ओट्यावर मी खवले काढत बसलो. गोब्र्याचे खवले बारीक आणि कातडी ही जाड, शिवाय काटे. माझी तीन बोटं फाटली. भाभी वर उभी राहून, "तिकडं राहिलं, कारभारीभाऊ, कानाखाली राहिलं," म्हणून चुका काढत होती. जे गिऱ्हाईक कधी मासळीच्या ओळीत फिरकत नाही, ते सुद्धा नुसतं मला बघायला येत होतं. त्रेचाळीस किलोतलं काही उरलं नाही. गोरक्षनाथने पाव किलो नेला, पावडरीच्या पिशवीत नव्हे, वेगळ्या पिशवीत.

डोकं फोडलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "थांबा, आत कानाचे खडे असतात," आणि चिमट्याने दोन पांढरे खडे काढले. नखाएवढे. माशाला त्यांनीच तोल कळतो, ऐकू येतं. झाडाच्या बुंध्यात वलयं असतात तशी त्यातही वर्षावर्षाची वलयं पडतात. एक त्यांनी कॉलेजात नेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतः भाभीच्या दारात आल्या.

"अडतीस," त्या म्हणाल्या. "एखाददुसरं इकडे-तिकडे. पण अडतीस."

भाभी दारातल्या ओट्यावर बसली. बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हंजी मी हर्णैहून निघाले तेव्हा हा सात वर्षांचा हुता," ती म्हणाली. "आन् मी इथं शिव्या खात हुते तेव्हा हा तिथंच बसून हुता. खडकात."

मॅडम म्हणाल्या की हे मासे फार सावकाश वाढतात. असे जुने नर काढत गेलं की त्या खडकावर पिढीच संपते. भाभी आत जाऊन फोन घेऊन आली. मग कादरला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "पुन्हा आणू नको. मला एकदाच दाखवायचं हुतं."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण त्याच आठवड्यात मी काष्टीच्या बाजारात गेलो. तिथे चार ओळखीचे भेटले, माझ्या बोटांच्या पट्ट्या बघून विचारायला लागले. आता ओट्यावर बसून खवले काढले हे कोण सांगणार? मी म्हटलं, "माशाचं डोकं फोडताना लागलं. आत दोन खडे निघाले, पांढरेशुभ्र, चमकणारे." एकाने विचारलं, "हिरे?" मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मिशीवरून हात फिरवला, बस्स.

तर आता सांगितलं, ती आवई कुणी उठवली ते.

काल श्रीगोंद्याहून तिघेजण जीप घेऊन भाभीच्या दारात आले, हिरे बघायला. भाभीने त्यांच्या हातावर उरलेला खडा ठेवला आणि अडतीस वलयांची, आई-बापाची, खोल पाण्याची सगळी हकिकत सांगितली. ते एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत होते. जाताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बाई हुशार हाय. खरे हिरे लपवलेत."

मग मला राहवलं नाही. भिंतीवरून डोकावून कबूल केलं, "भाभी, ते हिऱ्याचं मीच बोललो हुतो काष्टीला. चुकलं. सांगा लोकान्ला, खोटं हाय म्हनून."

भाभी कोठीतून ज्वारी काढत होती. मान वर न करता म्हणाली, "एकतीस वर्षं मी खरं सांगितलं ते ह्या गावाला पटलं न्हाई, आन् तुमची एक थाप आठ दिवसांत तीन तालुक्यांना पटली. तुमीच सांगा त्यान्ला, कारभारीभाऊ. माझ्यावर कोन इस्वास ठेवतंय?"